गाणं आणि गिटार एकाच वेळी, घरात, दोन माईकवर: कसं जमवता?

पारिजातक

नमस्कार मंडळी,

मी गिटार वाजवत गाते. गाणी माझी, नाहीतर मैत्रिणींच्या कवितांना लावलेल्या चाली. ठाण्यातली दहा बाय बाराची खोली, दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे) माईक, ते लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटांचा इंटरफेस आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढं सामान आहे. एक माईक तोंडासमोर, दुसरा गिटारचा दांडा जिथे पोटाला मिळतो तिथे, साधारण वीतभर लांब.

एकेक ट्रॅक सुटा ऐकला तर छान वाटतो. दोन्ही एकत्र लावले की आवाज पोकळ होतो. थोडा नाकातलाही. आवाजाचा ट्रॅक वर केला की गिटारचा रंग बदलतो, गिटार वर केली की माझा गळा दूर जातो. इक्यू (खर्ज-तार स्वरांचं प्रमाण कमी-जास्त करायची सोय) फिरवून काही हाती लागत नाही.

"आधी गिटार घे, मग आवाज घे" हा सल्ला बऱ्याच जणांनी दिलाय. तो मला नकोय. ओळीच्या शेवटी मी थांबते, तिथे हातही थांबतो, आणि पुढचा ठोका श्वास पूर्ण झाल्यावरच पडतो. गाण्याचा जीव तिथे आहे. तेव्हा एकाच वेळी घ्यायचं हे नक्की. प्रश्न एवढाच की माईक कुठे आणि कसे ठेवायचे?

चहाबाज

पहिला प्रतिसाद माझा! तांत्रिक काही कळत नाही, पण गाणं झालं की इथे ऐकवा. आणि खिडकीबाहेरचा भंगारवाला कोणत्या माईकवर घ्यायचा तेही जाणकारांनी सांगावं.

खर्जातला

ताई, माईक बिघडलेला नाही आणि इक्यूचाही दोष नाही. फेजचा, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन लहरी पुढेमागे येऊन एकमेकींना खोडण्याचा मामला आहे.

ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तुमच्या गिटारचा आवाज गिटारच्या माईकपर्यंत २५ सें.मी. प्रवास करतो, तोच आवाज तोंडासमोरच्या माईकपर्यंत साठेक सें.मी. करतो. फरक एक मिलिसेकंदाचा. म्हणजे मिक्समध्ये एकच गिटार दोनदा येते, दुसऱ्यांदा एक मिलिसेकंद उशिरा. अशा वेळी ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००ला, मग २५००ला, असं वरपर्यंत. तुमच्या गळ्याचंही तेच होतं, फक्त उलट दिशेने. ५०० हर्ट्झ म्हणजे ऐन गाण्याच्या भरातली जागा, म्हणून पोकळ वाटतं. दोन ट्रॅकमध्ये तो आवाज जितका सारख्या पातळीवर असेल तितका खड्डा खोल. फेडर (ट्रॅकची पातळी वर-खाली करायची पट्टी) हलवला की रंग बदलतो तो त्यामुळेच.

आधी फुकटातला उपाय करून बघा. रीपरमध्ये एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करायचं) बटण दाबा. त्याने खड्डे आणि उंचवटे जागा बदलतात. रोग बरा होत नाही, पण दोनपैकी एक बाजू दुसरीपेक्षा नेहमी बरी असते.

दुसरं, जवळ या. एका माईकचं त्याच्या स्वतःच्या उगमापासून जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये असावं असा जुना नियम आहे. तिप्पट अंतराने नकोसा आवाज साधारण ९ डेसिबलने पडतो. पण बसून गिटार वाजवणाऱ्याच्या तोंडात आणि गिटारमध्ये मुळात अर्धा मीटरच अंतर असतं, त्यामुळे माईक १५-१६ सें.मी.वर आणावे लागतात. तिथे गिटार घुमायला लागते. नियम बरोबर आहे, तुमच्या मांडीवर तो अपुरा पडतो.

घाटमाथा

मी त्याच "नकोय" वाल्या सल्ल्याच्या बाजूचा आहे आणि मनापासून सांगतो.

एकत्र घेतलं की दुरुस्ती संपली. एक सूर किंचित उतरला आणि तो सरळ करायला गेलात, तर आवाजाच्या माईकमध्ये शिरलेली गिटारही त्याच्याबरोबर वाकते. एक शब्द चुकला तर तेवढाच बदलता येत नाही.

तुमची श्वासाची अडचण मला पटते. त्यावर तोडगा असा: क्लिक (हेडफोनमधला ठेक्याचा टकटकाट) अजिबात लावू नका. आधी गाणं एकत्रच गा, तुमच्या लयीत, आणि ते कच्चं घेऊन ठेवा. मग ते हेडफोनमध्ये ऐकत फक्त गिटार वाजवा, आणि नंतर फक्त गा. थांबे तुमचेच राहतात आणि ट्रॅक स्वच्छ मिळतात. माझ्या भावाच्या अभंगांचं रेकॉर्डिंग आम्ही असंच करतो.

पारिजातक

@खर्जातला, पोलॅरिटीने फरक पडला! उलटी केल्यावर गिटारचा खालचा भाग परत आला. पोकळपणा मात्र थोडा आहेच.

@घाटमाथा, ही पद्धत मला ठाऊक आहे आणि ठरलेल्या ठेक्याच्या गाण्याला ती चालत असेल. माझ्या गाण्यात हात गळ्याला उत्तर देतो. स्वतःच्याच जुन्या श्वासाचा पाठलाग करत वाजवलं की ते उत्तर राहत नाही, नक्कल होते. एखादा सूर किंचित उतरलेला राहिला तर राहू दे. पूर्ण टेक पुन्हा गाईन.

मृद्गंध

बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. एक मिलिसेकंदाचाच फरक असेल तर एक ट्रॅक तेवढा मागे सरकवला की झालं ना?

खर्जातला

@मृद्गंध, रागावायचं काय, हा नेमका प्रश्न आहे. समजा आवाजाचा ट्रॅक एक मिलिसेकंद अलीकडे ओढला. आता गिटार दोन्हीकडे एकाच क्षणी पडते, छान. पण गळा मूळचाच आवाजाच्या माईकवर आधी पोचत होता. ट्रॅक ओढल्यावर तो आणखी आधी येतो आणि गळ्यातला फरक दोन मिलिसेकंदांचा होतो. एक शिवलं की दुसरं उसवतं. एक उगम असता तर सरकवून भागलं असतं. इथे उगम दोन आहेत.

वेताळटेकडी

+१. सरकवण्याच्या खटाटोपात मीही रात्री जागवल्यात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण बघतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

आतापर्यंतच्या चर्चेत सगळे माईकच्या तोंडाबद्दल बोलताहेत. मला वाटतं या कामात माईक कुठे ऐकत नाही हे आधी बघावं. प्रत्येक दिशादर्शी माईकला एक बहिरी बाजू असते. कार्डिऑइडची, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या नेहमीच्या माईकची, ती थेट पाठीमागे. सुपरकार्डिऑइडची (त्याहून अरुंद ऐकणाऱ्याची) समोरून मोजली तर साधारण १२५ अंशांवर. आणि फिगर-एट माईक पुढून-मागून सारखंच ऐकतो, पण दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, म्हणजे माईकच्या आतल्या, आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याच्या पातळीत, पूर्ण ९० अंशांवर, तो ठार बहिरा. तिन्हींमध्ये ही बहिरी जागा सगळ्यात खोल आणि सगळ्यात पक्की.

आता गाणारी बसली आहे, तोंडासमोर फिगर-एट माईक उभा आहे. गिटार त्याच्या बरोब्बर खाली येते. म्हणजे आपोआपच बहिऱ्या जागेत! खालचं टोक किंचित गाणारीकडे झुकवायचं, मग माईकचा चेहरा जरासा वर बघतो आणि गिटार पूर्ण निसटते. गिटारचा माईक उलट: त्याचं वरचं टोक गाणारीकडे झुकवायचं, चेहरा जरासा खाली, आणि तोंड त्याच्या बहिऱ्या पातळीत.

हेडफोन लावून दुसऱ्या कोणाला नुसती गिटार वाजवायला सांगा आणि आवाजाचा माईक बोटभर बोटभर कलता करत जा. एका ठिकाणी गिटार एकदम पातळ होते, पुढे गेलं की परत भरते. ती जागा सापडली की स्क्रू घट्ट करा. कानानेच सापडते, डोळ्याने नाही.

दोन्ही माईक महागडे लागत नाहीत. ऑडिओ-टेक्निका एटी२०५०, रोड एनटी२-ए, बेहरिंगर सी-३ या तिघांवर पॅटर्न, म्हणजे ऐकायच्या दिशा, बदलायचं बटण आहे. एकच घ्यायचा असेल तर तो आवाजासाठी घ्या. रिबन माईक (ज्यात पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असते) जन्मतःच फिगर-एट असतात, फक्त जुन्या रिबनला ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसमधून माईकला जाणारी वीज) देऊ नका, केबल सदोष असेल तर पट्टी जाऊ शकते.

घाटमाथा

फिगर-एट मागूनही तेवढंच ऐकतो हे तुम्हीच लिहिलंत. मग दहा बाय बाराच्या खोलीत मागची भिंत, कपाटाची काच, सगळंच येणार की! घरगुती खोलीला कार्डिऑइडच बरा.

हडसनकाठ

@घाटमाथा, शंका रास्त आहे. पण सगळ्या दिशांनी येणारा घुमारा धरला तर फिगर-एट आणि कार्डिऑइड दोघे सारखाच उचलतात, कारण एक पाठीकडून घेतो ते दुसरा बाजूंनी घेतो. नेमक्या मागे काय आहे एवढंच सांभाळायचं. तिथे दोन गोधड्या टांगा, नाहीतर साड्यांचं कपाट उघडं ठेवा. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका, ते वरचा थोडा भाग सोडला तर काहीही शोषत नाहीत.

एक काळजी खरी आहे: फिगर-एटला जवळ गेलं की खर्ज कार्डिऑइडपेक्षा जास्त फुगतो. आवाजाच्या ट्रॅकला शंभर हर्ट्झखाली कापा. गिटारच्या ट्रॅकला तेवढं कापू नका, जाड तारेचा मूळ सूरच ८२ हर्ट्झचा आहे.

पेटीवाला_काका

मंडळी, गिटारच्या धाग्यात घुसतोय, क्षमस्व. पेटी वाजवत गाणाऱ्यांचं हेच दुखणं आहे आणि आमचं वाद्य गिटारपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजाचं. आवाजाच्या माईकमध्ये निम्मी पेटीच असते. यातलं काही आम्हाला लागू पडेल का?

अवांतर: १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानबाईंचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा माईक नव्हताच, एक कर्णा होता. गाणारीने कर्ण्यात तोंड घालायचं आणि साथीदारांनी आवाजाप्रमाणे मागेपुढे बसायचं. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ मधलं. तोवर मिक्सिंग म्हणजे कोण कुठे बसतो एवढंच.

वेताळटेकडी

काका, मग एकच माईक वापरून बघायला काय हरकत आहे? एक चांगला माईक, छातीच्या उंचीवर, हात-दीड हात लांब. गिटार जास्त वाटली तर माईक वर सरकवा, गळा जास्त वाटला तर खाली. फेजचा प्रश्नच मिटला.

पारिजातक

@वेताळटेकडी, एका माईकचा तोल सुंदर येतो, मान्य. पण मग नंतर काहीच हलवता येत नाही. काही गाण्यांत शेवटच्या कडव्याला गळा थोडा पुढे हवा असतो, आणि तेवढ्यापुरते तरी दोन ट्रॅक हवेत.

भूमितीमास्तर

मी गाणारा नाही, ऐकणारा आहे. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे धागा वाचता वाचता कागद-पेन्सिल घेतली.

हडसनकाठ म्हणतात की माईकच्या समोरून ९० अंशांवर बहिरी जागा आहे. वेताळटेकडी म्हणतात की माईक एकाच जागी असला तर फेजचा प्रश्न नाही. मग दोन्ही फिगर-एट माईक एकाच जागी का ठेवू नयेत? एकाने तोंडाकडे बघावं, दुसऱ्याने गिटारकडे. अट एकच: त्या जागेवरून तोंड आणि गिटार यांच्यात काटकोन दिसला पाहिजे. तसं झालं की पहिल्याच्या बहिऱ्या जागेत गिटार, दुसऱ्याच्या बहिऱ्या जागेत तोंड.

अशी जागा कुठे मिळेल ते दहावीच्या पुस्तकात आहे: अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो. तोंड ते गिटार ही रेघ व्यास धरा. ती ५० सें.मी. असेल तर मध्यबिंदूपासून समोर २५ सें.मी.वर माईक ठेवा. तिथून तोंडही ३५ सें.मी., गिटारही ३५ सें.मी. वर्तुळच कशाला, त्या व्यासावरच्या गोलाच्या पृष्ठभागावर कुठेही गेलात तरी कोन काटकोनच. गळा जवळ हवा असेल तर गोलावरून वर सरका, गिटार जवळ हवी असेल तर खाली.

हे कोणी प्रत्यक्ष करतं का, ते जाणकारांनी सांगावं.

खर्जातला

सर, दंडवत! अगदी करतात. एकाच जागी दोन फिगर-एट, काटकोनात, ही जोडी ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. स्टिरिओवरचं त्यांचं पेटंट डिसेंबर १९३१ मध्ये दाखल झालं. १९४२ मध्ये विमानातल्या रडारची चाचणी घेताना अपघातात ते गेले, वय अवघं ३८. त्यांची जोडी डावं-उजवं ऐकण्यासाठी होती, इथे आपण ती आडवी पाडून वर-खाली ऐकायला लावतोय. तुम्ही ते दहावीच्या प्रमेयातून काढलंत याचं फार कौतुक वाटलं.

मांडायचं असं. दोन स्टँड, एक डावीकडून, एक उजवीकडून. दोन्ही माईक आडवे, डोक्याला डोकं जवळजवळ लागलेलं. मग प्रत्येक माईक स्वतःभोवती फिरवायचा: एकाचा चेहरा ४५ अंश वर, तोंडाकडे, दुसऱ्याचा ४५ अंश खाली, दांडा पोटाला मिळतो तिकडे. दोघांवर आवाज एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे जे थोडं गळतं तेही खड्डे पाडत नाही. गळणार नाही असं नाही. गिटार हा बिंदू नव्हे, तिचं सगळं पोट वाजतं, शिवाय जमिनीवरून परत येतं ते वेगळंच. पण ते गळलेलं निरुपद्रवी असतं, हीच मोठी गोष्ट आहे.

चहाबाज

प्रमेय क्रमांक पाठ होता, उपयोग आज कळला. सर, तुमच्या वर्गात मी मागच्या बाकावर असणार.

पणजीकर

आमच्याकडे फिगर-एट नाही, म्हणून दुसरी वाट सांगतो. मांडोच्या (गोव्यातल्या कोकणी गाण्यांच्या) तालमी आम्ही घरी रेकॉर्ड करतो: गिटार, व्हायोलिन, घुमट (कातडं लावलेलं मातीचं तालवाद्य) आणि गाणारे. गिटारवाला स्वतः गातो. त्याला शूरचा बीटा ५८ देतो. तो सुपरकार्डिऑइड आहे. हडसनकाठ यांनी १२५ अंश लिहिलेत ते इथे कामाला येतात. माईक आडवा न धरता हनुवटीच्या खाली न्यायचा आणि खालून वर, साधारण ३५ अंश कलता, तोंडाकडे रोखायचा. गिटार तेव्हा १२५ अंशांवर येते. ओठांपासून चार बोटं, जास्त नाही. डायनॅमिक, म्हणजे कंडेन्सरपेक्षा कमी हळवा, असल्याने खोलीही कमी येते आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊसही. त्याच्या जोडीला गिटारसाठी एक साधा कंडेन्सर पुरतो.

घुमटाबद्दल वेगळा धागा काढायला हवा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं लावतात. आवाज बदलतो आणि माईकही बदलावा लागतो.

मृद्गंध

@पणजीकर, काढाच तो धागा, वाट बघते. माझ्याकडे दोन साधे कार्डिऑइड आहेत. तुमचं चार बोटांचं गणित त्यांना चालेल का?

पणजीकर

थोडंफार. कार्डिऑइडची बहिरी बाजू थेट पाठीत असते, तेव्हा माईक आणखी खाली नेऊन आणखी उभा करावा लागतो, इतका की त्याची शेपटी गिटारकडे होईल. श्वास माईकवर आदळतो, त्याला फोमची टोपी घाला.

पारिजातक

मैत्रिणीकडून दोन एटी२०५० आणले आणि मास्तरांचं वर्तुळ मांडलं. काय सांगू, वेडी झालेय मी. एक तुकडा इथे ऐकायला टाकलाय.

ओठांपासून गिटारच्या त्या सांध्यापर्यंत दोरा धरला, मधोमध गाठ मारली, गाठीपासून समोर अर्ध्या दोऱ्याइतकं मोजलं आणि तिथे दोन्ही माईकांची डोकी आणली. मग नवऱ्याला गिटार देऊन बसवलं आणि खर्जातला व हडसनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे हेडफोन लावून माईक फिरवत गेले. ती जागा खरंच आहे! आवाजाच्या माईकमधून गिटारचं पोट नाहीसं होतं, फक्त तारांची किणकिण उरते. पोकळपणा गेला. आवाजाचा फेडर वर केला की आता फक्त आवाज वर येतो. "स" आणि "श" सुद्धा मऊ झालेत, माईक तोंडाच्या सरळ रेषेत नाही म्हणून असावं.

दोन गोष्टी अजून आहेत. नाकातून सोडलेला श्वास खाली येतो आणि थेट वर बघणाऱ्या माईकवर आदळतो. ओळीच्या शेवटी फुस्स ऐकू येतं. आणि जोरात स्ट्रम केलं (सगळ्या तारांवरून हात फिरवला) की गिटार परत आवाजाच्या माईकमध्ये शिरते.

हडसनकाठ

अभिनंदन! श्वासासाठी पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) तोंडासमोर नको, माईकच्या वर, छपरासारखा तिरका लावा. तरी राहिलं तर जोडी गोलावरूनच तळहातभर बाजूला, दांड्याच्या दिशेला घ्या. मास्तर म्हणाले तसं कोन बदलत नाही, फक्त दोघांचे चेहरे पुन्हा नीट रोखा. श्वास सरळ खाली जातो, तो चुकतो.

स्ट्रमिंगचं कारण बहुतेक जमीन आहे. खाली फरशी असेल तर गिटारखाली सतरंजी आणि त्या सतरंजीवर जाडसर गादी टाका. परत येणारा आवाज कोणत्याही बहिऱ्या जागेला जुमानत नाही.

घाटमाथा

ताई, मी अजूनही ठरलेल्या तालाच्या गाण्याला वेगळंच घेईन. पण तुम्ही ऐकवलेला तुकडा तीनदा ऐकला. दुसऱ्या ओळीनंतर जो थांबा आहे, तो माझ्या पद्धतीने आला नसता. एवढं नक्की कबूल.

एक सूचना: टेक दोन-तीन घ्या आणि जोडायचे झाले तर कडव्याच्या आधीच्या शांततेत जोडा, दोन्ही ट्रॅक एकत्र बांधून, एकाच ठिकाणी कापून. पातळी सर्वात जोरकस जागी उणे बारा डेसिबलपर्यंतच ठेवा, चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगला तेवढं पुरतं.

पारिजातक

@घाटमाथा, हे वाचून फार बरं वाटलं. ट्रॅक बांधून कापायचं लक्षात ठेवते.

पेटीवाला_काका

आणि आमच्या पेटीचं?

खर्जातला

काका, विसरलो नाही. पेटी गिटारइतकी सोपी नाही, कारण तिचा आवाज वरच्या जाळीतून आणि खालून, दोन्हीकडून येतो. वर्तुळ मांडा, पण व्यासाचं खालचं टोक पट्ट्यांवर धरू नका, वरच्या जाळीच्या मध्यावर धरा. पेटीखाली जाड गोधडी घाला म्हणजे खालचा आवाज जमिनीवरून उसळणार नाही. वरचं झाकण लावून वाजवता येत असेल तर लावाच, गळ्याच्या माईकला मोठा आराम पडतो. आणि भाता हलवताना मान डुलते तेव्हा तोंड माईकच्या रोखातून किती सरकतं ते आधी कोणाला तरी बघायला सांगा. सरकत असेल तर जोडी तळहातभर मागे घ्या. मांडलंत की एक आलाप टाका इथे, कोन कुठे चुकतोय ते ऐकून सांगतो.